गिअरबॉक्सच्या केसिंगवरची पांढरी भुकटी आणि व्हेपर ब्लास्टिंग

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वडिलांची १९९६ ची मारुती ८००, आयुष्यभर रत्नागिरीत चाललेली. इंजिन आणि गिअरबॉक्स खाली उतरवलेत. गिअरबॉक्सचं केसिंग, इनटेक मॅनिफोल्ड आणि अल्टरनेटरची दोन्ही झाकणं काळवंडलीत, वर पांढरी भुकटी धरलीय. रंगारी म्हणतो, सिल्व्हर मारून देतो. दुसरा कुणी म्हणतो, वाळूने ब्लास्ट करून आणा, म्हणजे दाबाच्या हवेने वाळू मारून साफ करा. तुम्ही व्हेपर ब्लास्टिंगचे व्हिडिओ पाहिलेत. यातलं नेमकं काय करावं, घरी जमेल का, आणि समुद्राच्या हवेत ते टिकेल का?

मी कोल्हापुरात हेच काम करतो. सुरुवातीची वर्षं फाउंड्रीतल्या कोरड्या ब्लास्टिंगवर गेली, आता चौदा वर्षं ओल्या, म्हणजेच व्हेपर ब्लास्टिंगवर आहे. तुमच्या पार्टना व्हेपर ब्लास्टिंगच करा, याबद्दल मला शंका नाही. पण व्हिडिओत दिसतो तो या कामाचा सगळ्यात छोटा भाग आहे. तुमचं केसिंग माझ्याकडे आलं तर मशीनवर पाऊण तास लागेल. त्याआधीची सफाई आणि नंतरची धुलाई यांत दीड दिवस जाईल. ब्लास्टिंग करून देणारे पुष्कळ आहेत, तुम्ही शोधायचा आहे तो हा दीड दिवस देणारा माणूस.

आधी ती भुकटी काय आहे ते पाहू. अ‍ॅल्युमिनियमला हवा लागली की क्षणात त्यावर ऑक्साइडचा अत्यंत पातळ थर बसतो आणि तोच खालच्या धातूला जपतो. खारी हवा हा थर जागोजाग फोडते. मग तिथला धातू झिजत जातो आणि पांढरी, फुगलेली भुकटी वर येते. जिथे लोखंडी बोल्ट अ‍ॅल्युमिनियममध्ये बसलाय तिथे हे आणखी जोरात होतं, कारण दोन वेगळे धातू आणि मध्ये खारं पाणी म्हणजे एक छोटी बॅटरीच. तुमच्या केसिंगवर बोल्टच्या डोक्यांभोवती गोल पांढरी कडी दिसत असतील, ती यामुळेच. काळपट भाग म्हणजे जुनं तेल, रस्त्याची धूळ आणि उष्णता यांचा मिळून झालेला थर.

आता ओलं का, कोरडं का नाही? नावात वाफ असली तरी मशीनमध्ये वाफ नसते. काचेचे बारीक गोल मणी आणि पाणी यांचं मिश्रण, म्हणजे स्लरी, पंपाने सतत फिरत असते. गनमध्ये तिला दाबाची हवा मिळते आणि ती पार्टवर जाऊन आदळते. प्रत्येक मण्याभोवती पाणी असल्यामुळे तो थेट ठोकर मारत नाही, पृष्ठभागावरून घसरत निघून जातो. जाताना मळ उचलतो आणि धातूचे सूक्ष्म उंचवटे थोडे दाबून बसवतो. म्हणून ओल्या ब्लास्टिंगचा फिनिश रेशमी, सौम्य चमकेचा येतो. त्यावर बोट फिरवलं तर ते अडकत नाही. कोरड्या मण्यांनी केलेला पार्ट पहिल्या दिवशी पांढराशुभ्र दिसतो, पण पृष्ठभाग खरबरीत राहतो. त्याला तेलकट बोट लागलं की डाग बसतो आणि तो सहज निघत नाही. शिवाय कोरड्यात फुटलेल्या मण्यांचे तुकडे मऊ अ‍ॅल्युमिनियममध्ये रुतून बसतात.

वाळूचा सल्ला देणाऱ्याला सरळ नाही म्हणा. एक कारण तुमच्या पार्टचं आहे. गिअरबॉक्सचं केसिंग प्रेशर डाय-कास्टिंगचं असतं. वितळलेला धातू लोखंडी साच्यात प्रचंड दाबाने भरला जातो आणि साच्याला टेकलेला भाग आधी थिजतो. त्यामुळे बाहेरची जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची कातडी घट्ट असते, तिच्या खाली मात्र बारीक छिद्रं असू शकतात. वाळूने किंवा ग्राइंडरने ती कातडी खाल्ली की केसिंगमधून तेल पाझरायला लागतं, आणि मग कितीही गॅस्केट बदला, पाझर थांबत नाही. दुसरं कारण गन धरणाऱ्याच्या फुप्फुसांचं आहे. वाळूतल्या सिलिकाची धूळ फुप्फुसात गेली की ती परत निघत नाही. त्यातून होणारा सिलिकोसिस हा कायद्याने नोंदवणं बंधनकारक असलेल्या रोगांपैकी आहे, आणि तो बरा होत नाही. नदीच्या वाळूवर, तोंडाला फडकं बांधून काम करणारी पोरं मी पाहिली आहेत. अशा ठिकाणी आपला पार्ट देऊ नये असं मला मनापासून वाटतं.

आमच्याकडचे फाउंड्रीवाले ओळखीखातर शॉट ब्लास्टिंगच्या मशीनमध्ये पार्ट टाकून देतात, तेही टाळा. तिथे लोखंडी छर्रे असतात. त्यांचे कण अ‍ॅल्युमिनियममध्ये रुततात आणि पहिल्याच पावसात केसिंगवर नारिंगी गंजाचे ठिपके उठतात.

सिल्व्हर रंगाचं म्हणाल, तर भुकटीवर मारलेला रंग वर्षभरात पोपडा होऊन निघतो, कारण खालचं झिजणं थांबलेलं नसतं. कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात बुडवायचा सल्लाही कुणीतरी देईल. कॉस्टिक अ‍ॅल्युमिनियमला खातो, गॅस सोडतो आणि कास्टिंगमधलं सिलिकॉन व तांबं वर राहून पार्ट काळाकुट्ट होतो. बाथरूम साफ करायच्या अ‍ॅसिडचंही नाव काढू नका.

आता कामाकडे येतो.

पार्ट पूर्ण मोकळा करा. बेअरिंग, ऑइल सील, बुश, पिना, स्विच, ब्रीदर, सगळं बाहेर. अल्टरनेटरच्या झाकणांतून डायोड प्लेट, ब्रश होल्डर आणि बेअरिंग निघालंच पाहिजे. कोकणातल्या गाडीत बोल्ट धरलेले असणार. तेव्हा जोर लावू नका, आदल्या रात्री पेनिट्रेटिंग तेल सोडा, सकाळी हीट गनने आजूबाजूचं अ‍ॅल्युमिनियम तापवा आणि पाना थोडा घट्ट करायच्या, थोडा सोडायच्या दिशेने हलवत बोल्ट काढा. तुटलेला बोल्ट ब्लास्टिंगच्या आधीच काढायचा, नंतर काढताना स्वच्छ पृष्ठभागावर पान्याचे व्रण राहतात.

मग तेल. लोकांना वाटतं, मशीन तेल काढेल. मशीन तेल काढत नाही, ते तेल स्लरीत जातं आणि स्लरीतून पुढच्या प्रत्येक पार्टवर बसतं. एक तेलकट केसिंग आत गेलं की टाकीतलं सगळं पाणी करडं होतं आणि फिनिशवर मळकट छटा येते. म्हणून आधी जाड थर लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने खरवडायचा, मग घासलेट किंवा डिझेल आणि नायलॉनचा ब्रश, मग गरम पाण्यात अ‍ॅल्युमिनियमला चालणारा डिग्रीझर, मग पुन्हा गरम पाणी. तारेचा ब्रश लावू नका, त्याच्या रेघा ब्लास्टिंगनंतरही दिसतात. पाणी पार्टवर सलग पसरलं तर तेल गेलं. थेंब गोळा होऊन पळत असतील तर परत धुवा.

एवढ्यावर थांबायचं नाही. कास्टिंगच्या छिद्रांत वर्षानुवर्षं तेल मुरलेलं असतं. मी केसिंग भट्टीत साधारण १०० अंशांवर तासभर ठेवतो. बाहेर काढलं की काही ठिकाणी तपकिरी घाम फुटलेला दिसतो, बहुधा ड्रेन प्लगच्या आसपास आणि आतल्या कोपऱ्यांत. तो पुसायचा, पुन्हा धुवायचं, पुन्हा तापवायचं. हे न करता ब्लास्ट केलेलं केसिंग छान दिसतं, पण गाडी गरम झाली की आठवड्याभरात तेच तपकिरी डाग वर येतात आणि गिऱ्हाइकाला वाटतं, काम कच्चं झालं. त्याचं बरोबरच असतं.

यानंतर झाकाझाकी. आट्यांमध्ये जुने बोल्ट फिरवून ठेवा, मोकळे आटे मण्यांनी गोल होतात. बेअरिंगच्या बोअरमध्ये, म्हणजे ते बसतं त्या भोकात, रबरी बूच, किंवा जुन्या बेअरिंगची बाहेरची रिंग. सील बसतात त्या जागा झाका. गॅस्केटच्या फेसवर, म्हणजे ते बसतं त्या सपाट पृष्ठभागावर, एकदा हलका हात फिरला तर चालतो, पण तिथे गन रेंगाळू द्यायची नाही. सिलिंडर हेडचा खालचा फेस ब्लास्टिंगनंतर मशीनिंगला जाणार असेल तरच उघडा ठेवावा.

मशीनवर मी हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला ३ ते ४ किलो ठेवतो. काचेचे मणी साधारण १०० ते १५० मायक्रॉनचे, चार भाग पाण्याला एक भाग मणी. गन पार्टपासून चार ते सहा बोटं दूर आणि तिरकी. सरळ नव्वद अंशांत मारलं तर मणी उसळून पुढच्या मण्यांना अडवतात. हात सतत फिरता हवा, एका जागी थांबला की तिथे वेगळा डाग उमटतो. दाब वाढवून वेळ वाचवायचा मोह होतो, पण ५-६ किलोंवर मणी जास्त फुटतात आणि फुटका मणी धारदार असतो. स्लरी हातात घेऊन बोटांत चोळली की कळतं. नवी स्लरी गुळगुळीत लागते, जुनी टोचते. टोचायला लागली की बदलायची, त्यात काटकसर नको.

हे काम करताना मला आवडणारा एक क्षण सांगतो. काळा थर निघून जातो आणि साच्याने धातूवर सोडलेल्या खुणा एकेक करून वर येतात: दोन साचे जुळल्याची रेघ, पार्ट नंबर, साच्यातून ढकलणाऱ्या पिनांचे गोल ठसे. कित्येक कास्टिंगवर रुपयाएवढं एक छोटं वर्तुळ असतं, मध्ये वर्षाचा आकडा आणि कडेला महिन्यांचे ठिपके किंवा बाण. कास्टिंग कधी ओतलं त्याची ती नोंद. तुमच्या केसिंगवर तसं वर्तुळ असेल तर मशीनच्या काचेतून ते पहिल्यांदा दिसेल तेव्हा तुम्हाला तिथे उभं राहावंसं वाटेल. ग्राइंडर आणि पॉलिश पेपर या खुणा पुसून टाकतात. व्हेपर ब्लास्टिंग त्या ठेवतं, आणि जुन्या गाडीसाठी मी ते सुचवतो त्याचं हे मोठं कारण आहे.

एक गोष्ट आधीच मान्य करून ठेवा: खड्डे भरून निघणार नाहीत. भुकटी जिथे खोल गेली आहे तिथे साफ केल्यावर लहान लहान खड्डे उघडे पडतील. खड्ड्याच्या तळाशी पांढरा कण राहू द्यायचा नाही, नाहीतर तिथून पुन्हा सुरुवात होते. खड्डा वेल्डिंगने किंवा पुटीने भरून सपाट करण्याच्या मागे लागू नका, जोपर्यंत तो गॅस्केटच्या किंवा सीलच्या जागी नाही. थर्मोस्टॅटच्या तोंडाशी, जिथे रबरी होज चढतो, तिथली कड मात्र नीट तपासा. ती खाल्लेली असेल तर पार्ट कितीही सुंदर झाला तरी पाणी गळणार.

कार्बोरेटरचं तुम्ही विचारलं नाहीत, पण विचाराल. आधी हातात घेऊन वजन पाहा. बऱ्याच कार्बोरेटरचं अंग जस्ताच्या मिश्रधातूचं असतं आणि ते त्याच आकाराच्या अ‍ॅल्युमिनियमपेक्षा दुपटीहून जड लागतं. जस्त ब्लास्टिंगनंतर पांढरं होत नाही, करडंच राहतं, ते तसंच असायला हवं. शिवाय त्यातल्या वाटा केसाएवढ्या बारीक असतात. एक मणी जेटच्या, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक छिद्राच्या, मागे राहिला तर गाडी कधीच नीट आयडल धरणार नाही. कार्बोरेटर अल्ट्रासॉनिक टाकीत साफ करून घ्या. फक्त बाहेरचं अंग, सगळ्या वाटा बंद करून, कमी दाबावर ब्लास्ट करता येतं, तेही शक्यतो नकोच. आणि कधी एखादा पार्ट हातात पिसासारखा हलका लागला तर थांबा, तो मॅग्नेशियमचा असू शकतो. जुन्या फोक्सवॅगन बीटलच्या इंजिनाची केस तशी असते. मॅग्नेशियम ओलं झालं की लगेच काळं पडतं आणि त्याला तातडीने वेगळी रासायनिक प्रक्रिया लागते. तुमच्या गाडीत ही अडचण नाही.

घरी जमेल का? कॅबिनेट, स्लरीचा पंप आणि गन जुळवणारे हौशी लोक आहेत, अडतं ते कॉम्प्रेसरवर. १-२ एचपीचा कॉम्प्रेसर दोन मिनिटांत दम टाकतो. किमान ५ एचपी हवा, खरं काम ७.५ वर होतं. एका गाडीसाठी हा खर्च करू नका. प्रेशर वॉशरला जोडायची वाळूची नळी मिळते, तो प्रकार याच्याशी मिळताजुळता वाटतो पण नाही. लोखंडी गेटचा रंग काढायला तो ठीक आहे, केसिंगची कातडी मात्र तो ओरबाडतो. पैसे वाचवायचे तर मोकळं करणं, तेल काढणं आणि झाकाझाकी घरी करा. या तिन्ही गोष्टींना मशीन लागत नाही. कुणी स्वतःचं कॅबिनेट बांधणारच असेल तर एवढं सांगतो: अ‍ॅल्युमिनियमची भुकटी पाण्यात साचून राहिली की हळूहळू हायड्रोजन सुटू शकतो. रात्री टाकी हवाबंद ठेवू नका.

टिकण्याबद्दल. पुण्यासारख्या कोरड्या हवेत, गॅरेजमध्ये राहणाऱ्या गाडीवर नुसता धातू वर्षानुवर्षं चांगला राहतो. रत्नागिरीत तसाच सोडला तर एका पावसाळ्यात डाग येतील, हे मी तुम्हाला आत्ताच सांगतो. लॅकर, म्हणजे पारदर्शक रंगाचा थर, मारावं असं वाटेल. गरम होणाऱ्या पार्टवर लॅकर पिवळं पडतं, आणि एखाद्या चऱ्यातून खारं पाणी आत गेलं की त्याच्याखाली दोऱ्यासारख्या रेघा पसरत जातात. मग ते काढायला पुन्हा पहिल्यापासून. तुमच्यासाठी माझा सल्ला असा: पार्ट कोमट असताना गंजरोधक पातळ तेलाचा किंवा मेणाचा हात द्या आणि मऊ फडक्याने जवळजवळ पूर्ण पुसून घ्या. दर पावसाळ्याच्या आधी आणि नंतर हेच पुन्हा करा. दहा मिनिटांचं काम आहे. जोडताना प्रत्येक लोखंडी बोल्टच्या आट्यांना अँटी-सीझ (बोल्ट धरू न देणारा लेप) लावा, म्हणजे ती गोल पांढरी कडी पुन्हा धरायला वेळ लागेल. अ‍ॅनोडायझिंग (विजेने ऑक्साइडचा जाड थर चढवणं) करू नका. डाय-कास्टिंगमध्ये सिलिकॉन भरपूर असतं, त्यामुळे अ‍ॅनोडायझिंग करडं आणि डागाळलेलं येतं.

आता धुलाई, जिच्यासाठी हे सगळं लिहितोय.

ओलं ब्लास्टिंग सुरू केल्यानंतरच्या दुसऱ्या वर्षी मी एक सिलिंडर हेड करून दिलं. त्या हेडमध्ये कॅमशाफ्ट (झडपा उघडणारा दांडा) थेट अ‍ॅल्युमिनियममध्येच फिरायचा, वेगळं बेअरिंग नव्हतं. मी धुतलं, हवा मारली, बाहेरून नव्यासारखं दिसत होतं. तेलाच्या गॅलरीच्या, म्हणजे तेल वाहायच्या आतल्या वाटेच्या, टोकाला दाबून बसवलेला एक प्लग (धातूचं बूच) होता, तो मी काढला नाही. त्याच्यामागे चिमूटभर मणी ओलाव्याने चिकटून बसले होते. इंजिन चालू झालं, तेल गरम झालं, मणी सुटले. काही शे किलोमीटरमध्ये कॅमच्या सगळ्या जागा चरे पडून संपल्या आणि हेड भंगारात गेलं. चूक पूर्णपणे माझी होती. दुसरं हेड मी शोधून आणून दिलं, पण त्या माणसाचा तो हंगाम गेला. त्या दिवसापासून माझ्याकडे गॅलरीचा प्लग काढायची परवानगी नसेल तर तेल जाणारा पार्ट मी घेत नाही. तुम्ही ज्याच्याकडे जाल त्याला पहिला प्रश्न हाच विचारा: प्लग काढता का?

गिअरबॉक्समध्ये हेडसारख्या लांब गॅलऱ्या नसतात, पण बेअरिंगच्या जागेमागचे कप्पे, तेल वाहून नेणारे छोटे चर, शिफ्ट शाफ्टची (गिअर बदलणाऱ्या दांड्याची) आंधळी, म्हणजे आरपार न जाणारी, भोकं आणि आंधळे आटे असतात. मणी तिथे बसतात. ओले असताना ते दिसतही नाहीत, पाण्याच्या थेंबासारखेच चमकतात.

म्हणून क्रम असा ठेवा. झाकलेले बोल्ट आणि बुचं काढा. गरम पाण्याच्या जोरदार धारेने प्रत्येक भोक दोन्ही बाजूंनी धुवा. बाटली धुवायच्या बारीक ब्रशने प्रत्येक वाट घासा. प्रत्येक आट्यातून हाताने टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवा आणि टॅप दर वेळी पुसा. पुन्हा धुवा. शेवटचं पाणी बॅटरीत टाकायचं डिस्टिल्ड घ्या, बोअरवेलचं जड पाणी वाळताना पांढरे ठिपके सोडतं आणि ते भुकटीसारखेच दिसतात. डोळ्यांवर चष्मा चढवून हवा मारा. मग भट्टीत पूर्ण वाळवा, अगदी कोरडं. ओल गेली की अडकलेले मणी मोकळे होतात.

आता एक काळी प्लास्टिकची थाळी घ्या. केसिंग तिच्यावर उलटं धरा आणि लाकडी हातोडीने चहूबाजूंनी हलके ठोके द्या. थाळी उन्हात नेऊन तिरकी करा. एकही मणी असेल तर साखरेच्या कणासारखा चमकेल. चमकला, तर परत धारेखाली. माझ्याकडे पहिल्या वेळी थाळी क्वचितच स्वच्छ निघते, दुसऱ्या वेळी बहुधा. तिसऱ्यांदा ठोकून काहीच पडलं नाही की तेलाचा हात द्या आणि बेअरिंग बसवायला घ्या.